दोन पॉइंट आठ आणि डावा पाय

ओकव्हिलच्या विलास पांढरीपांड्यांना कोणी विचारलं, की काय विलासराव, कॅनडा कसा वाटला, तर ते आधी खिडकीबाहेर बघतात, मग विचारणाऱ्याच्या शर्टाकडे बघतात आणि म्हणतात, "ठीक आहे." त्या 'ठीक आहे'मध्ये दहा प्रांत, तीन टेरिटरी आणि तो शर्ट, सगळं एकदमच निकालात निघतं.

माणूस नागपूरचा, धंतोलीतला. इथे येऊन सव्वीस वर्षं झाली. एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतात, म्हणजे त्यांच्या शब्दांत, "गाढवांनी लिहिलेला कोड माकडांपासून वाचवून राहिलो." इथल्या संत्र्याला ते संत्रं म्हणत नाहीत, 'ती गोल वस्तू' म्हणतात. घरापासून दहा मिनिटांवर लेक ओंटारिओ पसरलेलं आहे. लांबून लांबून लोक त्याचे फोटो काढायला येतात. विलासरावांनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धं मिनिट गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या अंबाझरी तलावावर निदान भेळ तरी मिळते." टोरांटोतल्या पुणेकरांबद्दल ते काही बोलत नाहीत, नुसता नाकातून श्वास सोडतात. मुंबईकरांसाठी तर तोही खर्च करत नाहीत.

आणि तरी, सांगायला जरा लाज वाटते, पण आम्हाला ते आवडतात. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला विलासराव नसले की चुकल्याचुकल्यासारखं होतं. तीन महिने तालमी करून नाटक बसवावं आणि मध्यंतरात "हे मुद्दाम असं केलं, की जमलंच नाही?" असं विचारायला कोणी नसावं, मग नाटक केल्यासारखं कसं वाटणार? तुच्छता वाटताना ते जात, धर्म, पगार काहीही बघत नाहीत. इतका समदर्शी माणूस आमच्यात दुसरा नाही.

त्यांच्या दुकानातला सगळ्यात जास्त माल मात्र घरातच खपायचा. गिऱ्हाईक एकच, मुलगी ईशिता.

ईशिता इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, आणि फारच चिडली तर थेट नागपुरीत येते. हॅमिल्टनच्या विद्यापीठातून तिनं बायोलॉजी केलं आणि चारपैकी दोन पॉइंट आठ असा जीपीए घेऊन घरी आली. मार्कांची ही इथली सरासरी. ती साडेतीनच्या खाली गेली तर आमच्या लोकांत मुलाची चौकशी हळू आवाजात करतात. विलासराव हळू आवाजाच्या भानगडीत पडले नाहीत. मंडळाच्या पिकनिकला भर पोह्यांच्या रांगेत म्हणाले, "दोन पॉइंट आठ हा काय जीपीए आहे? ही भूकंपाची तीव्रता आहे. तीपण अशी, की कोणाला जाणवलाच नाही." लोक हसले. ईशिता पोह्यांवर खोबरं घालत होती, ती घालत राहिली. सेकंड इयरला पोरगी रात्रंदिवस फोन घेऊन बसली होती, दुसरं काय, असंही त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

आणि अशा मुलीनं ठरवलं काय, तर पोडिएट्री. म्हणजे पायाची डॉक्टर.

कॅनडात ही पदवी फक्त फ्रेंचमधून मिळते, आणि ईशिताचं फ्रेंच म्हणजे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं तेवढं. म्हणून तिनं अमेरिकेतल्या नऊ कॉलेजांना अप्लाय केलं. विलासरावांना हे कळलं त्या संध्याकाळी ते बराच वेळ हातातल्या वरणाच्या वाटीशी बोलत होते, असं त्यांच्या बायकोनं, चित्रावहिनींनी, आम्हाला सांगितलं. "हृदय आहे, मेंदू आहे, डोळे आहेत. वरून एकेक सोडत सोडत ही पोरगी खाली आली ते थेट पायावर थांबली. त्याच्या खाली तर फक्त जमीन उरते, बाप्पा."

आता विलासरावांचा आणि पायाचा संबंध सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

गेली तीन वर्षं विलासराव कोणालाही आपल्या पाया पडू देत नव्हते. दिवाळी असो, पाडवा असो, एखादं पोर वाकलं रे वाकलं, की ते दोन पावलं मागे सरकत आणि म्हणत, "सरळ उभा राहा. कणा देवानं वाकवायला नाही दिला." मंडळाच्या अंकात त्यांनी यावर लेखही लिहिला. नमस्कार ही सरंजामी प्रथा आहे, तिनं आपल्या समाजाची मान खाली घातली, वगैरे. लेख चांगला होता. आम्ही भारावलो. दोन घरांतल्या मुलांनी तो वाचून आजोबांच्या पाया पडायचं सोडलं, त्यावरून घरांत भांडणं झाली. दुसऱ्याच्या घरी गेले की विलासराव दारात बूट काढत, पण लगेच कापडी पिशवीतून घरात घालायचे वेगळे बूट काढून चढवत. विचारलं तर म्हणत, "तुमच्या घरच्या फरशीवर माझा विश्वास नाही." हेही त्यांच्या स्वभावाला इतकं शोभून दिसायचं, की कोणाला संशय यावा असं काही नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती, की विलासरावांच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत भरपूर बर्फ पडलं. विलासराव फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचं बर्फ काढायला उतरले. बर्फ वितळावं म्हणून टाकायच्या मिठाचा एक खडा त्यांच्या बुटात गेला आणि करंगळीशी बसला. मिठाचा हा खडा हरभऱ्याएवढा, कडेनं धारदार. दुसऱ्या कोणी दोन मिनिटांत बूट काढून झटकला असता. विलासराव दोन तास त्याच्यावर उभे राहिले, कारण त्यांना तो लागलाच नाही. मधुमेहानं पायाची जाणीव गेली होती. मधुमेह तेव्हाच पाच वर्षांचा जुना, पण घराबाहेर तो कोणालाच माहीत नव्हता. मंडळात श्रीखंड नको म्हणणाऱ्यांना विलासराव स्वतः "साखरेचे कैदी" म्हणत आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे करत. मग आपण त्याच तुरुंगात आहोत हे कोणत्या तोंडानं सांगणार?

जखम झाली. विलासरावांनी तिच्यावर हळद दाबली, वरून साजूक तूप लावलं आणि मोजा चढवला. इथल्या डॉक्टरांबद्दल त्यांचं मत काय होतं ते वेगळं सांगायला नको. तीन आठवड्यांनी चित्रावहिनींना वास आला. हॉस्पिटलात करंगळी कापावी लागली. उरलेली जखम भरायला साडेतीन महिने लागले आणि त्या साडेतीन महिन्यांत एक दिवसाआड ड्रेसिंग होतं.

इथे नर्स घरी येते. विलासरावांनी नर्स नाकारली. तिच्या गळ्यात ओळखपत्र असतं, समोरचा शेजारी वाचेल, समोरचा शेजारी गुजराती आहे, त्याची बायको मंडळातल्या प्रमोदिनीताईंच्या योगाच्या क्लासला जाते, म्हणजे संध्याकाळपर्यंत टोरांटोच्या पलीकडे, त्यांच्या रिचमंड हिलला कळेल. हा सगळा मार्ग त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या आखला होता. चित्रावहिनींना रक्त बघवत नाही. उरली ईशिता. ती हॉस्पिटलच्या पायाच्या क्लिनिकमध्ये उभी राहून ड्रेसिंग शिकली आणि हॅमिल्टनच्या तिच्या भाड्याच्या बेसमेंटमधून एक दिवसाआड गो बसनं, म्हणजे इथल्या एसटीनं, ओकव्हिलला येऊ लागली. यायचं, हात धुवायचे, जखम साफ करायची, बापाची बोलणी खायची, पट्टी बांधायची, परत जायचं. "डी मिळवणाऱ्या हातांनी पट्टी बांधून राहिली, आता पायही नापास होणार," असं ते म्हणत. पाय पास झाला. ईशिताचं ऑरगॅनिक केमिस्ट्री गेलं, बाकीच्या विषयांत सी आले. पुढच्या दोन वर्षांत तिनं ओढून ओढून सरासरी दोन पॉइंट आठवर आणली, आणि सुट्टीत त्याच पायाच्या क्लिनिकमध्ये मदतीला जाऊ लागली. मंडळात सांगितलं गेलं, की विलासराव स्किइंग करताना पडले. आयुष्यात स्कीला हात न लावलेला हा माणूस चार महिने आम्हाला उतारावर वजन कसं टाकायचं ते समजावत होता. आणि मुलीचे मार्क फोननं खाल्ले, हे त्यातच बसवून दिलेलं होतं.

तर गेल्या ऑक्टोबरात एका कॉलेजचं ईशिताला पत्र आलं. तुमचं क्लिनिकमधलं काम चांगलं दिसतं, शिफारसपत्र चांगलं आहे, पण ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे मार्कशीटवर, सेकंड इयरला हे काय झालं? सोमवारपर्यंत थोडक्यात कळवा. बाकीच्या आठांपैकी पाचांनी तोवर नकार दिला होता आणि तिघांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं होतं. म्हणजे जे काही होतं ते या एका पत्रावर होतं.

ईशितानं बापाला विचारलं, खरं काय ते लिहू का? विलासरावांनी साफ नाही म्हटलं. माझ्या पायाचं नाव कागदावर यायचं नाही, कॉलेजातही आपले लोक असतात, तुला माहीत नाही. मग त्यांनी लॅपटॉप ओढून स्वतःच उत्तर लिहून दिलं. काही अपरिहार्य परिस्थितीमुळे निकालावर तात्पुरता परिणाम झाला असून सुधारणेची प्रक्रिया पूर्ण झाली आहे, अशा थाटाचं. सर्व्हर बंद पडला की ते ऑफिसात जे ईमेल पाठवतात, तेच ते. ईशितानं ते वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, इट्स युअर टो. बट इट्स माय ट्रान्सक्रिप्ट."

विलासराव म्हणाले, पाहू.

त्याच रविवारी रिचमंड हिलला प्रमोदिनीताईंकडे दसरा होता. या प्रमोदिनीताई पुण्याच्या, कर्वे रोडच्या. मुलगा नंदन मेडिकलला आहे, आणि हे त्या हवामानाच्या बातमीसारखं दर थोड्या वेळानं सांगतात. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून मंडळी मेपलची पिवळी पानं सोनं म्हणून देतात. मुलं पान हातात ठेवतात आणि वाकतात. विलासराव घरात घालायचे बूट चढवून सोफ्यावर बसले होते आणि एकेकाला सरळ उभं करत होते. ईशिता समोरच पानांची परडी घेऊन उभी होती. पत्राचं उत्तर अजून गेलेलं नव्हतं.

प्रमोदिनीताईंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, की अगं, पायाची डॉक्टर म्हणजे नक्की काय करणार तू? नखं कापणार का? नंदन म्हणत होता, ज्यांना मेडिकल मिळत नाही ते तिकडे जातात. अर्थात विलासराव स्वतःच म्हणाले होते ना, सेकंड इयरला फोन घेऊन बसली होतीस म्हणून.  ईशितानं बापाकडे बघितलं. चित्रावहिनी मला नंतर म्हणाल्या, की तेवढ्यात ते उठून गेले असते तर मी त्या रात्री एकटीच गाडी घेऊन निघाले असते, हायवेवर चालवता येत नसली तरी.

विलासराव उठले नाहीत, पण त्यांची नाकपुडी हलायला लागली होती. ईशिताला नावं ठेवणं हा त्यांचा घरगुती उद्योग होता. त्यात बाहेरच्या माणसानं हात घालावा, तोही कर्वे रोडच्या, हे त्यांना रुचलं नाही. तरीही त्यांनी गिळलं असतं. पण प्रमोदिनीताई पुढे म्हणाल्या, "आणि मेलं पायाला लागतंय काय एवढं? हळद लावली, वर तूप लावलं, की झालं."

खोलीत कोणालाच काही कळलं नाही. कळलं ते फक्त तिघांना.

विलासराव म्हणाले, "हळदीनं काय होते, दाखवू?"

त्यांनी वाकून डाव्या पायातला बूट काढला. मग मोजा काढला, सावकाश, टाचेपासून गुंडाळत. आणि पाय प्रमोदिनीताईंच्या काचेच्या टीपॉयवर, अनारशांच्या ताटाशेजारी ठेवला. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात बोटं मोजली. ओठ हलताना दिसत होते.

"चार," विलासराव म्हणाले. "तुम्हाला वेळ लागून राहिला म्हणून सांगतो. मेडिकलच्या पोराला बोलवा, तोपण मोजेल. पाचवं माझ्या हळदीनं खाल्लं. ही उरलेली चार या पोरीनं राखली. साडेतीन महिने बसनं येऊन पू काढला माझा, आणि मी तुम्हाला सांगितलं फोन. स्किइंग कोण करते बे? माझ्या चेहऱ्यावर स्किइंग दिसते का तुम्हाला? तुम्ही पण असे हुशार, की विश्वास ठेवला."

या बोलण्यात माफी कुठे होती ते शोधायला आम्हाला पुढचे आठ दिवस लागले. त्यांनी आम्हालाच मूर्ख ठरवलं होतं, पण या वेळी बरोबर ठरवलं होतं. तीन वर्षं आम्ही एका कापलेल्या करंगळीसाठी ताठ उभे राहिलो होतो आणि त्याला समाजसुधारणा म्हणत होतो.

ईशितानं परडी खाली ठेवली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, यू शुड बी वेअरिंग डायबेटिक सॉक्स." बाकी काही नाही. मग तिनं पर्समधून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर तंतू होता. डोळे मिटायचे, ती तळव्याला तंतू टेकवणार, लागला की सांगायचं, म्हणजे पायाची जाणीव कुठे उरली आहे ते कळतं. विलासरावांना टाचेला लागला, अंगठ्याला नाही लागला. त्यांचं झालं तसे रांगेत आणखी पाच जण आले. साखरेचे कैदी आमच्यात एवढे असतील याची कोणाला कल्पना नव्हती, सगळे विलासरावांच्या भीतीनं श्रीखंड खात होते. शेवटी प्रमोदिनीताई आल्या. त्यांनी डोळे मिटले आणि तंतू टेकायच्या आधीच दोनदा "लागलं" म्हणाल्या. परीक्षा म्हटली, की पुण्याचा माणूस नापास होऊ शकत नाही. टाचांच्या भेगांबद्दल मात्र त्यांनी ईशिताला बाजूला घेऊन हळूच विचारलं.

घरी येताना हायवेवर विलासरावांनी उत्तर तोंडी सांगायला सुरुवात केली. लिही, माझा बाप एक नंबरचा मूर्ख आहे. त्यानं आठ वर्षं आजार लपवला. अमेरिकेतही मूर्ख बाप असतात, त्यांना कळेल. ईशितानं मागच्या सीटवर फोनवर सात ओळी लिहिल्या. त्यात मूर्ख हा शब्द नव्हता. विलासरावांनी ड्राइव्हवेत गाडी उभी करून त्या वाचल्या, एक स्वल्पविराम काढायला लावला आणि म्हणाले, ठीक आहे. सोमवारी उत्तर गेलं.

मुलाखत डिसेंबरात झाली आणि फेब्रुवारीत प्रवेशाचं पत्र आलं. नऊ कॉलेजांपैकी एक. मंडळातल्या प्रत्येकानं विलासरावांना फोन केला आणि प्रत्येकाला त्यांनी एकच सांगितलं, "अमेरिकेत पण एकालाच अक्कल आहे." नंदनच्या आईंनी पेढे पाठवले. विलासरावांनी ते खाल्ले नाहीत. मधुमेह हे कारण आता उघड सांगता येत होतं, तरी ते म्हणाले, "खव्याला चव नाही."

ऑगस्टात ईशिता निघाली त्या दिवशी आम्ही दोघंतिघं निरोपाला गेलो होतो. बॅगा गाडीत चढल्या होत्या. दारात चित्रावहिनींनी तिच्या हातावर दही ठेवलं. मग ईशिता बापासमोर वाकली. विलासराव सवयीनं मागे सरकले आणि त्यांचं सुरू झालं, की सरळ उभी राहा, कणा देवानं...

"बाबा, हलू नका ना," ती खालून म्हणाली. चिडली की ती नागपुरीत येते. "मोजून राहिली मी."

तिनं डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवली होती. तिथे नाडी लागते म्हणतात. विलासरावांनी भिंतीला हात लावला आणि उभे राहिले. पुरं एक मिनिट ते काही बोलले नाहीत. एवढा वेळ ते गप्प राहिलेले आम्ही लेक ओंटारिओच्या गोष्टीतसुद्धा ऐकलेले नाहीत.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बहात्तर."

"दोन पॉइंट आठवाल्यांना बरोबर मोजता येते का पण?" विलासराव म्हणाले, आणि पाय काही मागे घेतला नाही. "पुन्हा मोज."